बाईंच्या बाजूचा काटा

जग बघायला म्हणून घराबाहेर पडलेल्या रीडिंगबाई दोन वर्षं एका काट्याकडे बघत बसल्या होत्या. काटा गिअरबॉक्सच्या तेलाचा. तेल किती तापलं आहे, एवढंच तो सांगायचा. बांगडीएवढी काळी तबकडी, तिच्यावर पन्नासपासून दीडशेपर्यंत पांढरे आकडे, आणि एकशे दहाच्या पुढे लाल पट्टा. कुठल्याही शहाण्या गाडीत असली तबकडी ड्रायव्हरच्या समोर असते. या गाडीत ती शेजारच्या सीटसमोर होती, कारण त्या सीटवर बाई बसत.

रीडिंगबाई हे नाव त्यांना लोकांनी दिलं होतं. वीज कंपनीत एकतीस वर्षं त्यांनी घरोघर जाऊन मीटरचे आकडे टिपले. जिन्याखालचे मीटर, संडासामागचे मीटर, दुकानात पोत्यांआड दडवलेले मीटर. कुत्री अंगावर आली, लोकांनी तोंडावर दारं आपटली, पण बाईंचा आकडा चुकला असं एकतीस वर्षांत एकदाही झालं नाही. एका वाईट महिन्यात त्यांच्या सख्ख्या ताईंनी "दहा युनिट कमी लिही गं" म्हणून हात जोडले होते. बाईंनी होता तोच आकडा लिहिला. ताई वर्षभर बोलल्या नाहीत, आणि बाईंनी तेही सोसलं.

त्यांचे यजमान बसड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली, त्यातली वीस घाटात गेली. डेपोत त्यांना सगळे उस्ताद म्हणत, ते त्यांच्या कानासाठी. कुठलं बेअरिंग दुखतंय ते उस्ताद नुसत्या आवाजावरून सांगत. मेकॅनिक मंडळी आधी हसत आणि मग गुपचूप तेच बेअरिंग बदलत. बायको शेजारच्या खोलीतून काय म्हणते ते मात्र याच कानाला तीनतीनदा सांगावं लागे.

दोघंही एकाच वर्षी निवृत्त झाले. मूलबाळ नव्हतं. कंपनीचं क्वार्टर महिन्याभरात सोडायचं होतं, आणि खोली कुठे बघावी या विचारात बाई असतानाच एका दुपारी उस्ताद ही गाडी घेऊन दारात उभे राहिले. सव्वीस वर्षांची जुनी, छोटीशी घरगाडी. मागे एक टेबल, ज्याचा रात्री पलंग व्हायचा. दोन शेगड्या, एक घडीचं बेसिन, आणि डोकं आपटायला चारी बाजूंनी कपाटं.

"आता मालक नाही, शेजारी नाहीत, कटकट नाही," उस्ताद म्हणाले. "जिथे आवडेल तिथे राहायचं."

बाईंना होतं तिथेच आवडत होतं, पण ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

गाडीची तब्येत सपाटीवर ठणठणीत असायची. चढ दिसला की तिचं अवसान गळायचं. इंजिनाची ताकद एखाद्या भाजीच्या टेम्पोएवढी, आणि पाठीवर मात्र अख्खा संसार. त्यात गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, म्हणजे हाताने गिअर टाकायची सोय नाही. चढावर तो आतल्या आत घसरायचा, घसरला की तेल तापायचं, तेल तापलं की पातळ व्हायचं, आणि पातळ झालं की तो आणखी घसरायचा. अठ्ठावीस वर्षं ज्यांनी गिअरच्या दांड्यावर राज्य केलं त्या उस्तादांना हे असलं मवाळ यंत्र मुळीच पसंत नव्हतं, पण त्यांनी त्यालाही वळण लावलं. चढ सुरू झाला की दांडा 'दोन'वर अडकवायचा, म्हणजे तो आपणहून वरचा गिअर घेत नाही. चाळीसच्या वर जायचं नाही, मागे ट्रकांची रांग लागून शिव्या आल्या तरी खुशाल येऊ द्यायच्या. आणि काटा एकशे दहावर गेला की गाडी बाजूला घ्यायची. तेव्हा इंजिन बंद करायचं नाही. बंद केलं तर तेल आहे तिथेच उकळत बसतं. न्यूट्रलला टाकून इंजिन थोडं चढ्या आवाजात चालू ठेवायचं, म्हणजे तेल फिरत राहतं आणि पुढच्या जाळीतून निवून येतं. अर्धा तास हे चालायचं, मग पुढचे तीन-चार किलोमीटर.

घाटाच्या पायथ्याशी आणखी एक विधी असे. गाडी हलकी करायची. पाण्याची टाकी रिकामी व्हायची, म्हणजे वर गेल्यावर अंघोळीची पंचाईत. मग उस्ताद कमरेवर हात ठेवून विचारत, "आणखी काय काढता येईल?" पहिल्या घाटाला बाईंचं शिलाई मशीन गेलं. दुसऱ्याला पुस्तकांचं खोकं, तिसऱ्याला जाड गादी आणि लोखंडी इस्त्री. उस्तादांची हत्यारांची पेटी चाळीस किलोची होती, पण ती 'लागते' या सदरात मोडायची.

काटा बसवायच्या वेळी मेकॅनिकने विचारलं होतं, कुठे लावू? उस्तादांना जवळचं वाचायला चष्मा लागे, आणि चष्मा लावला की समोरचा रस्ता धूसर होई. ते म्हणाले, "हिच्या बाजूला लाव. एकतीस वर्षांत हिचा एक आकडा चुकलेला नाही." हे ते अगदी मनापासून म्हणाले होते. नवऱ्याने चारचौघांत केलेलं एवढं एकच कौतुक बाईंच्या वाट्याला आलं होतं, आणि त्या दिवशी त्यांना खरोखर बरं वाटलं. त्या कौतुकापायी आपण त्या सीटला कायमच्या जखडल्या जाऊ, हे तेव्हा त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"किती?" उस्ताद विचारत.

"ब्याण्णव."

"आता?"

"सत्त्याण्णव."

संसारातली बाकीची वाक्यं हळूहळू गळून पडली आणि एवढीच उरली. बाईंचा डोळा लागला तर उस्ताद गाडीच थांबवत. डोंगर, तळी, नदीवरचे पूल, सगळं उस्तादांनी बघितलं. मुक्कामाला पोचल्यावर ते विचारत, "तो धबधबा बघितलास?" बाई म्हणत, "एकशे चार होते तेव्हा," आणि उस्ताद मनापासून हसत. त्यांना तो विनोद वाटायचा.

मुक्कामालाही सुटका नव्हती. एकाला उठायचं असेल तर दुसऱ्याने पाय वर घ्यायचे. एकाने कपाट उघडलं की दुसऱ्याने मान खाली घालायची. भांडण झालं तर रुसून जायचं कुठे? दोन पावलांवर बेसिन, तीन पावलांवर दार, आणि दाराबाहेर कुठलंतरी अनोळखी मैदान. बाईंना घुसमटल्यासारखं व्हायचं. कधीकधी त्या नुसत्याच मागच्या पायरीवर जाऊन बसत आणि समोरच्या घरांच्या खिडक्या मोजत. उस्ताद आतून हाक मारत, "काय करतेस गं?" त्या म्हणत, "काही नाही." आणि ते खरंच होतं. उस्ताद वाईट माणूस नव्हते, हीच तर मोठी अडचण होती. वाईट असते तर बाई केव्हाच उठून गेल्या असत्या.

अशात ताईंचा फोन आला. ताई घाटमाथ्यावरच्या गावात एका खोलीत एकट्याच राहत. त्यांच्या शेजारची खोली रिकामी झाली होती. "पूर्वेला खिडकी आहे," ताई म्हणाल्या. "आतून कडी आहे. मालकांना मी शनिवारी पाचपर्यंत थांबवलंय. पाच वाजले की ते एका शाळामास्तरांना देणार. तू स्वतः यायला हवंस, किल्ली माझ्याकडे आहे." एवढं सांगून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "येशील ना गं?"

बाई येते म्हणाल्या. उस्तादांना त्यांनी एवढंच सांगितलं की चार दिवस ताईकडे जाऊ या. बाकीचं वर पोचल्यावर, ताईंच्या देखत सांगायचं होतं. मी आता गाडीत राहणार नाही, तुम्हाला यायचं तर खोलीत या, नाहीतर गाडीत राहा, पण मी इथे राहणार. हे वाक्य त्यांनी मनात शंभर वेळा घोकलं होतं. बसने गेल्या असत्या तर दोन तासांत पोचल्या असत्या. पण मग बसने का, हे आधी सांगावं लागलं असतं, आणि त्या अडीच हाताच्या जागेत, समोरासमोर, एकटीने ते सांगायची बाईंची छाती नव्हती.

शनिवारी सकाळी आठला ते घाटाला लागले. अठ्ठावीस किलोमीटरचा घाट. आठ थांबे धरले तरी दोनच्या आत माथा यायला हवा होता. टाकी रिकामी झाली, आणि या खेपेला बाईंची फक्त एक कुंडी गेली, तीही साधी कोरफडीची, एवढंच काय ते. पण सहाव्या किलोमीटरला रस्त्याचं काम निघालं. एकच बाजू चालू, झेंडीवाला माणूस, पुढे रोलर, मागे रोलर. दहा पावलं चालायचं आणि थांबायचं, तेही चढावर, भर उन्हात. काट्याने एकशे दहा गाठायला वेळच लावला नाही. त्या एका तुकड्यात अडीच तास गेले. पुढे दर तीन किलोमीटरला थांबा होताच.

तीन वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा अकरा किलोमीटर उरले होते. बाईंनी मनात हिशेब केला. असेच थांबत गेलो तर सहा वाजणार. खोली गेली. ताई पुन्हा आपल्यासाठी कुठल्या मालकाचे पाय कशाला धरतील? 

"किती?" उस्तादांनी विचारलं.

काटा एकशे नऊवर होता.

"शंभर," बाई म्हणाल्या.

इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. जीभ अडखळली नाही, आवाज बदलला नाही. उस्तादांनी मान हलवली आणि गाडी पुढे काढली. एक वळण गेलं, दुसरं गेलं. उजवीकडे दरी उघडी पडत होती. बाईंनी तिकडे बघितलं नाही. काटा लाल पट्ट्यात शिरला होता.

"किती गं?"

"एकशे दोन."

"आवाज जरा वेगळा येतोय का?"

"मला नाही बाई काही वेगळं वाटत."

उस्तादांनी मान तिरकी केली. डेपोतल्या गाड्यांना ते असाच कान लावत. मग त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा काटा एकशे तेवीसवर थरथरत होता, आणि बाईंना वाटलं, यांना एकदा निश्चिंत करून टाकावं, म्हणजे सारखं विचारणार नाहीत.

"चौऱ्याण्णव. उतरतोय," त्या म्हणाल्या.

"उतरतोय?" उस्तादांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग त्यांचा चेहरा कसनुसा झाला. ते गाडी चालवत राहिले.

चारला वीस मिनिटं कमी असताना गाडीने हात टेकले. इंजिन एकदम ओरडायला लागलं आणि चाकं मात्र जागची हलेनात. बोनेटखालून करपल्याचा वास आला, नाकातोंडात जाणारा. उस्तादांनी गाडी मागे घसरू दिली नाही, ब्रेकवर सांभाळत एका रुंद जागी कडेला लावली आणि मागच्या चाकांना दगड लावले. माथा अजून सहा किलोमीटर होता.

उस्तादांनी गिअरबॉक्सची तेलाची पट्टी बाहेर काढली. एरवी त्यावर सरबतासारखं लाल तेल असायचं. आता ते काळं होतं. त्यांनी ते बोटावर घेतलं, वास घेतला, बोट फडक्याला पुसलं, आणि मग बराच वेळ तेच बोट पुसत राहिले. नंतर ते मागच्या पायरीवर जाऊन बसले.

बाई जवळ गेल्या तेव्हा ते म्हणाले, "मला ऐकू आलं होतं."

"काय?"

"गिअरबॉक्स. शेवटच्या चार वळणांपासून तो आचके देत होता, मला स्पष्ट ऐकू येत होतं. म्हटलं, थांबावं. पण तू म्हणालीस चौऱ्याण्णव. उतरतोय म्हणालीस. म्हणजे मला जे ऐकू येतंय ते नाहीच आहे." ते थोडं हसले. "डेपोत एक होता. त्याला असंच नसलेले आवाज यायला लागले. साहेबांनी त्याला त्याच दिवशी गाडीवरून उतरवला. कान गेला की ड्रायव्हर संपला."

"अहो, असं काही नाही."

"तसंच आहे. काटा बिघडला म्हणावं तर गाडी अडल्यावर तो बरोबर लाल पट्ट्यात चढलाय, बघून आलो मी चष्मा लावून. नव्हतं ते ऐकलं, आणि खरं जळलं तेव्हा वेगळं काही कळलं नाही. बिघडलोय तो मी."

त्यांचे डोळे भरून आले होते. चाळीस वर्षांच्या संसारात बाईंनी त्यांना रडताना एकदाच बघितलं होतं, त्यांची आई गेली तेव्हा. बाईंना वाटलं, आपण या माणसाचं एकच भांडवल होतं ते काढून घेतलं, आणि तेही एका खिडकीसाठी. त्या त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"ऐका माझं. चौऱ्याण्णव नव्हते. एकशे तेवीस होते. मी खोटं सांगितलं. त्याआधीही दोनदा खोटंच सांगितलं. तुमचा कान ठीक आहे. तुम्हाला ऐकू आलं ते बरोबर होतं."

 बाईंनी श्वास घेतला. आता पुढचं वाक्य, शंभर वेळा घोकलेलं. ओरडतील, शिव्या देतील, देऊ देत. निदान सगळं एकदाचं बाहेर पडेल.

उस्तादांनी त्यांचा हात हातात घेतला.

"तू?" ते म्हणाले. "सख्ख्या बहिणीला दहा युनिट सोडली नाहीस तू. तू मला खोटा आकडा सांगशील?"

"सांगितला. खरंच सांगितला."

"कशासाठी?"

"लवकर पोचायला."

"ताईंकडे चहा प्यायला?" ते आता ओल्या डोळ्यांनी हसत होते. "राहू दे गं. माझ्या मनाला लागू नये म्हणून तू आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलतेयस, आणि तुला ते धड जमतही नाही. चेहरा बघ आरशात. पांढराफटक पडलाय."

"अहो, पण मी..."

"पुरे. कळलं मला." त्यांनी हात थोपटला. "एवढं माझ्यासाठी दुसरं कुणी केलं नसतं."

 त्या माणसाने इतक्या विश्वासाने हात धरला होता की त्यातून तो सोडवून घ्यायचा कसा हे त्यांना कळेना. आता खोलीचं सांगायचं म्हणजे त्याच्या हातातली ही शेवटची चीज हिसकावून घ्यायची. घाटातून वर जाणारे ट्रक एकामागून एक जात होते. त्यातल्या एकाने वेग कमी करून विचारलंसुद्धा, "वर सोडू का कुणाला? एकाची जागा आहे." साडेचार झाले होते. बाई उभ्या राहिल्या. उस्तादांनी ट्रकवाल्याला हात केला आणि म्हणाले, "नको भाऊ, आम्ही दोघं आहोत." ट्रक गेला. बाई उभ्याच होत्या.

तेल निवल्यावर उस्तादांनी बाटलीतलं तेल थोडं ओतलं, इंजिन चालू केलं, दांडा पुढेमागे करून बघितला. त्या रुंद जागेत गाडी जेमतेम हलली. ते खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा जरा सावरलेला होता.

"उतार कसाही उतरेल ही," ते म्हणाले. "खाली गेल्यावर तेल बदलू. सपाटीवर अजून दहा वर्षं ढकलेल बघ. चढ मात्र संपले. आता खालीच राहायचं, घाटाचं नाव काढायचं नाही." मग त्यांनी अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं, "आणि आजपासून मी आवाजावर जाणार नाही. तू सांगशील तो आकडा. पहिल्यापासून तेच करायला हवं होतं."

बाई आत जाऊन चहा ठेवू लागल्या. टाकी रिकामी होती, म्हणून प्यायच्या बाटलीतलं पाणी घेतलं. त्यांची पाठ दाराकडे होती. पुढे सीटवर पडलेला फोन वाजला तेव्हा पाच वाजून सात मिनिटं झाली होती. पातेलं खाली ठेवून त्या वळेपर्यंत उस्तादांनी तो उचललाही होता.

"ताई, मी बोलतोय. नाही, पोचलो नाही. गाडी बसली वाटेत. नाही नाही, दोघंही ठीक आहोत. चूक माझीच, कान गेले माझे. आणि तुमची बहीण बघा, मला बरं वाटावं म्हणून म्हणते, मीच खोटा आकडा सांगितला. हिने! ताई, अशी बायको मिळायला नशीब लागतं."

 उस्ताद "हॅलो, हॅलो" करत राहिले. मग त्यांनी काहीतरी ऐकलं, "बरं, सांगतो" म्हणाले, आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" बाईंनी विचारलं.

"कळलं नाही नीट. म्हणाल्या, तिला सांगा, किल्ली देऊन टाकली." उस्ताद पाय वर घेऊन बसले, म्हणजे बाईंना चहा घेऊन पुढे येता येईल. "कसली किल्ली गं?"

बाईंनी त्यांच्या हातात कप दिला.

"शेजाऱ्यांची असेल," त्या म्हणाल्या. "गावाला गेले की ताईकडे ठेवून जातात."

"असेल, असेल," उस्ताद म्हणाले, आणि चहाचा घोट घेतला.